सावली पळाली

लाइट गेले म्हणून आम्ही गच्चीवर आलो होतो, एवढंच. दुर्बीण नव्हती, उल्कावर्षावाची रात्र नव्हती, आकाश बघायचा बेत तर मुळीच नव्हता. थंडीचे दिवस, पावणेदहा-दहाचा सुमार, चंद्र उगवायचा होता. मी दक्षिणेकडच्या कठड्याला टेकून उभी होते. जिन्याच्या खोलीचं दार वाऱ्याने आपटत होतं, ते लावायला बाबा निघाले होते. म्हणजे माझ्याकडे आणि दक्षिणेच्या साऱ्या आकाशाकडे त्यांची पाठ होती. हा तपशील पुढे फार महत्त्वाचा ठरला. त्या वेळी ती फक्त पाठ होती.

पहिल्यांदा मला दिसला तो माझा हात. कठड्यावर ठेवलेला हात, त्यावरच्या शिरा, सिमेंटमधली बारीक भेग, भेगेतलं वाळकं शेवाळ. लाइट आले की काय, असं वाटलं. मग मान वर गेली. डाव्या अंगाला, बरंच उंचावर, एक हिरवट ठिणगी चालत होती. ‘चालत होती’ हाच शब्द सुचतो. एरवी तारा तुटतो तसा तो नुसता ओरखडा नव्हता, त्याला सवड होती. बघता बघता ठिणगी फुगली, पांढरी झाली आणि उजवीकडे उतरता उतरता भक्कन फुलली. टाकीचा निळा रंग दिसला. दोरीवरच्या चिमट्यांतला लाल चिमटा लाल दिसला. मग त्या गोळ्यातून दोन-तीन नारिंगी तुकडे सुटले, त्याच्या मागोमाग थोडे घरंगळले आणि विझले. वाटेवर एक राखाडी रेघ राहिली, तीही पुसट होत गेली.

“बाबा, ते...” एवढं उजेडात म्हणाले. “बघा” अंधारात म्हणाले.

बाबा दाराची कडी हातात धरून तसेच उभे होते, भिंतीकडे तोंड करून. दोन क्षण गेले आणि ते म्हणाले, “इतक्या रात्री वेल्डिंग कोण करतंय?”

मी हसायचं की रडायचं तेच कळेना. आयुष्यात एकदा दिसलं तर दिसलं असं काहीतरी आत्ता डोक्यावरून गेलं होतं आणि माझ्या बापाने त्याकडे पाठ केली होती. तीही जाणूनबुजून, हे मला थोड्या वेळाने कळलं. बाबांचा सगळा जन्म बांधकामांवर गेला. मिस्त्री म्हणून सुरुवात केली, सुपरवायझर म्हणून निवृत्त झाले. साइटवर निळा-पांढरा उजेड लखलखला की त्याकडे बघायचं नाही, मान फिरवायची, हे त्यांच्या अंगात इतकं मुरलंय की डोक्यापर्यंत जाऊन विचारायची गरजच पडत नाही. उघड्या डोळ्यांनी वेल्डिंग बघितलं तर रात्री डोळ्यांत वाळू घातल्यासारखं होतं, हे त्यांनी तरुणपणी एकदाच भोगलं होतं. तेवढं पुरलं. त्यामुळे गच्ची उजळली तशी त्यांची मान आकाशाकडे वळण्याऐवजी भिंतीवर आणखीनच घट्ट बसली.

“तुम्ही काहीच नाही पाहिलंत?”

“पाहिलं ना. सावली पळाली.”

“कुणाची?”

“माझी. पाइपाची. या इथून आली आणि अशी वर वर जाऊन गेली.” त्यांनी भिंतीवर डावीकडून उजवीकडे हात फिरवला.

मी म्हणाले, ते पूर्वेकडून पश्चिमेकडे गेलं. ते म्हणाले, छे, पश्चिमेकडून पूर्वेकडे. मी म्हणाले, मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय. ते म्हणाले, मग मी काय कानांनी बघितलं? अंधारात, एकमेकांचे चेहरेही दिसत नसताना, आम्ही दिशांवरून चांगले पाचेक मिनिटं भांडलो. त्या पाच मिनिटांची किंमत मला दुसऱ्या दिवशी कळली. मधेच लाइट आले, आजूबाजूच्या घरांतून एकदम “आऽऽले” झालं, पंप घरघरू लागले, टीव्ही बोलू लागले. आणि त्या उजेडात बाबा स्वतःशीच हसले. “अगं, दिवा इकडून तिकडे गेला तर सावली तिकडून इकडे येणार. दोघंही बरोबर आहोत.”

मग त्यांनी खिशातून पेन्सिल काढली. निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली तरी खिशात पेन्सिल असतेच. गच्चीच्या मधोमध जुन्या अँटेनाचा लोखंडी पाइप उभा आहे. अँटेना कधीच गेली, पाइप कपड्यांच्या दोरीसाठी राहिला. त्याच्या टोकाची सावली भक्क उजेड झाला तेव्हा भिंतीवरच्या उडालेल्या गिलाव्याच्या पोपड्याशी होती, खालच्या बाजूला. आणि विझली तेव्हा स्विचच्या डब्याच्या कोपऱ्याला लागून. दोन्ही ठिकाणी त्यांनी छोट्या फुल्या मारल्या. आमच्या त्या भिंतीची डागडुजी वर्षानुवर्षं रखडलीय. पोपडा नसता तर ही गोष्ट इथेच संपली असती.

खाली आल्यावर मी शोधाशोध केली. शुक्रापेक्षा जास्त तेजस्वी उल्केला अग्निगोल म्हणतात, आणि असे अग्निगोल पाहणाऱ्यांकडून आंतरराष्ट्रीय उल्का संघटना माहिती मागवते, त्यासाठी तिचा एक तयार अर्ज आहे. मोठ्या उत्साहाने भरायला घेतला. तुम्ही कुठे उभ्या होतात, हे जमलं. पुढे माझी परीक्षाच सुरू झाली. कोणत्या दिशेला तोंड होतं? पहिल्यांदा दिसला तेव्हा क्षितिजापासून किती अंश वर होता? विझला तेव्हा किती? किती सेकंद दिसला? रंग कोणता? तुटला का? दिसत असताना आवाज आला का? नंतर आला का?

मी लिहिलं, दहा सेकंद. लिहिलं, सुरुवात जवळजवळ डोक्यावर, शेवट पश्चिमेला. पाठवायच्या आधी बाबांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, “दहा सेकंद? दहा सेकंदांत मी वळलो नसतो होय?”

मग त्यांनी मला अक्षरशः जिन्यात उभं करून तो प्रसंग पुन्हा करायला लावला. हातात मोबाइल, त्यावर स्टॉपवॉच. हात दिसला, मान वर केली, ठिणगी, फुगली, “बाबा, ते...” तीन वेळा केलं. तिन्ही वेळा चार सेकंदांच्या आत. यात माझ्या एकटीचंच डोकं फिरलंय असं नाही. अचानक काही घडलं की माणसं त्याचा काळ ताणून सांगतात आणि आकाशातली उंचीही वाढवून सांगतात. क्षितिजापासून निम्म्यावर असलेली गोष्ट सरळ ‘डोक्यावर’ होऊन जाते. अग्निगोलांचा हिशेब करणाऱ्यांना हे ठाऊक असतं आणि ते अशी साक्ष सांभाळूनच वापरतात. मला मात्र ठाऊक नव्हतं. डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टीबद्दल आपण इतके चुकू शकतो, याचा मला चंद्रावर माणूस गेल्यापेक्षा जास्त अचंबा वाटला. अर्ज पाठवला नाही.

सकाळी बाबांनी ओळंबा काढला. गंजलेली पेटी, तिच्यात गुण्या, लाइनदोरी, टेप, पाणसळ. पाइपाच्या टोकाला मी शिडीवर चढून दोरी बांधली, दुसरं टोक त्यांनी पोपड्याजवळच्या फुलीवर धरलं आणि ताणलं. “आता ही दोरी टोकाच्या पुढे वाढव, आकाशात. तिथे होता तो.” कालपर्यंत मी हे आकाश डोळ्यांत साठवल्याच्या थाटात बोलत होते. आणि ते असं एका ताणलेल्या सुतळीच्या टोकाला येऊन बसलं.

पाइपाची उंची तीन मीटर. फुली जमिनीपासून अर्धा मीटर. म्हणजे टोक फुलीहून अडीच मीटर वर. पाइपाच्या बुडापासून फुलीच्या खालच्या जमिनीपर्यंत ३.२ मीटर. बाबांनी गच्चीवरच खडूने त्याच मापाचा काटकोन त्रिकोण काढला आणि माझ्या शाळेतल्या कंपासपेटीतला कोनमापक मागितला. ३८ अंश. दुसऱ्या फुलीचा निघाला २१. रात्री मी ‘जवळजवळ डोक्यावर’ म्हणाले होते.

दिशेची गंमत निराळीच. मोबाइलमधलं होकायंत्र गच्चीवर दर दोन पावलांगणिक वेगळं उत्तर सांगत होतं. स्लॅबमधल्या सळया, पाण्याची टाकी ठेवलेला लोखंडी स्टँड, खुद्द तो पाइप, त्याला कुणाकुणाला चुकवता येईल? बाबांनी ते बाजूला ठेवायला सांगितलं. पाइपाच्या बुडाभोवती खडूने एक मोठं वर्तुळ काढलं. सकाळी पाइपाच्या सावलीचं टोक आत येताना वर्तुळाला टेकलं तिथे एक खूण, दुपारनंतर बाहेर जाताना टेकलं तिथे दुसरी. दोन खुणांच्या बरोबर मधून बुडाकडे रेघ ओढली की ती उत्तर-दक्षिण. आपल्याकडचे जुने ज्योतिषी उभ्या काठीला शंकू म्हणत आणि तिच्या सावलीवरून दिशा अशाच ठरवत. रात्री उल्केची सावली पाडणाऱ्या पाइपानेच दिवसा सूर्याची सावली पाडून आम्हाला उत्तर दाखवली. त्यावर मोजलं तर तो भक्क उजेड नेमक्या दक्षिणेच्या २० अंश पश्चिमेला होता आणि शेवट ३४ अंश पश्चिमेला. माझी ‘पश्चिम’ खऱ्या पश्चिमेपासून छप्पन्न अंश चुकली होती.

हे सगळं म्हणजे घरचा पोरखेळ असं मला वाटत होतं. नंतर कळलं की शास्त्रज्ञांनी हाच खेळ खेळलाय. १५ फेब्रुवारी २०१३ ला सकाळी रशियातल्या चेल्याबिन्स्कवर सुमारे २० मीटर रुंदीचा दगड सेकंदाला १९ किलोमीटर वेगाने आला आणि जमिनीपासून जवळपास ३० किलोमीटर उंचीवर फुटला. तिथल्या गाड्यांमध्ये पुढच्या काचेला लावलेले कॅमेरे असतात, चौकाचौकांतही असतात, त्यामुळे चित्रणांची कमतरता नव्हती. पण बऱ्याच कॅमेऱ्यांच्या चौकटीत तो गोळा आलाच नव्हता, किंवा आला तेव्हा सगळं पांढरंफटक झालं होतं. कोलंबियातल्या अँटिओकिया विद्यापीठाच्या जॉर्ज झुलुआगा आणि इग्नासिओ फेरीन यांनी शहरातल्या क्रांती चौकाचं चित्रण घेतलं आणि त्यात आकाशाऐवजी जमीन बघितली. चौकातल्या दिव्याच्या खांबांच्या सावल्या फरशीवरून कशा सरकल्या, त्यांची लांबी कशी बदलली, यावरून त्यांनी त्या दगडाची वाट काढली आणि मागे जात जात सूर्याभोवतीची त्याची कक्षा मांडली. दिव्याचा खांब आणि अँटेनाचा पाइप, फरक तो काय? बाबांना सांगितलं तर ते म्हणाले, “मग. भिंत खोटं बोलत नाही. ओळंब्यात नसली तरच बोलते.”

त्याच चेल्याबिन्स्कची दुसरी गोष्ट मात्र त्यांना सांगताना माझा आवाज जरा बदलला. तिथे दीड हजारांच्या आसपास माणसं जखमी झाली, पण दगड लागून कुणी नाही. उजेड दिसला म्हणून लोक खिडक्यांशी धावले. प्रकाश लगेच येतो, स्फोटाचा धक्का हवेतून चालत येतो. शहरात पोचायला त्याला दोन-अडीच मिनिटं लागली. तोवर सगळे काचेला नाक लावून ती धुराची रेघ बघत होते. काचा फुटल्या त्या त्यांच्या चेहऱ्यांवर. चौथीच्या एका शिक्षिकेने लखलखाट पाहताच मुलांना बाकांखाली जायला लावलं, तिच्या वर्गातल्या मुलांना काही झालं नाही. ती स्वतः उभी होती, तिला काचा लागल्या. उजेड दिसल्यावर त्याच्याकडे धावायचं की पाठ करायची, या प्रश्नावर बाबांची बाजू अचानक भक्कम झाली.

आणि आवाजाचंही तेच. आमचा गोळा ४० किलोमीटर उंचीवर फुटला असं धरलं, मोठे अग्निगोल साधारण तेवढ्या उंचीवर फुटू शकतात, तर ३८ अंशांच्या तिरप्या रेषेत तो आमच्यापासून ६५ किलोमीटरवर होता. तिथून आवाज यायला साडेतीन मिनिटं. त्या साडेतीन मिनिटांत आम्ही काय करत होतो? पूर्व का पश्चिम यावरून भांडत होतो. मग लाइट आले आणि पंप सुरू झाले. लांबवर कुठेतरी दार लोटल्यासारखा धप्प आवाज झाला असेल तर तो आमच्या भांडणाखाली दबला. फक्त गप्प बसायचं होतं. तेवढंही जमलं नाही.

उलट, यायला नको तो आवाज मला आला होता. हे मी अर्जात लिहिलं नव्हतं, बाबांनाही दोन दिवसांनी सांगितलं. तो गोळा फुलला त्याच क्षणी कानाशी कागद चुरगळल्यासारखं काहीतरी झालं. ६५ किलोमीटरवरचा आवाज त्याच क्षणी कसा येईल? शक्यच नाही. १७१९ मध्ये इंग्लंडवरून मोठा अग्निगोल गेला, तेव्हा धूमकेतूमुळे आपल्याला ठाऊक असलेल्या एडमंड हॅलीने ठिकठिकाणच्या लोकांची वर्णनं गोळा केली. अनेकांनी फुसफुस ऐकल्याचं सांगितलं होतं. हॅलीने तो मनाचा खेळ म्हणून निकालात काढला, आणि ध्वनीच्या हिशेबाने त्याचं चूक नव्हतं. पण लोक सांगतच राहिले, पुढची तीन शतकं. १९८० मध्ये कॉलिन के नावाच्या भौतिकशास्त्रज्ञाने सुचवलं की अग्निगोलातून अतिशय कमी कंपनांच्या रेडिओ लहरी निघत असतील आणि त्यांनी आसपासच्या वस्तू थरथरत असतील. २०१७ मध्ये अमेरिकेतल्या सँडिया प्रयोगशाळेतल्या लोकांनी आणखी साधा मार्ग दाखवला. अग्निगोलाचा उजेड स्थिर नसतो, तो सेकंदात अनेकदा झपाझप कमीजास्त होतो. तो केसांवर, पाल्यावर, गडद कपड्यांवर पडला की त्यांचा पृष्ठभाग तितक्याच झपाझप तापतो आणि निवतो, लगतची हवा हलते, आणि हलक्या सळसळीसारखा आवाज तिथेच, कानाशीच तयार होतो. मात्र त्यासाठी उजेड पौर्णिमेच्या चंद्राच्या तोडीचा हवा. माझे केस त्या रात्री मोकळे होते. एवढंच म्हणते. बाबांना काही ऐकू आलं नाही, पण बाबांना केसही नाहीत.

या सगळ्या प्रकरणात मला सगळ्यात जवळचा वाटलेला माणूस म्हणजे अर्न्स्ट क्लाड्नी. कंप पावणाऱ्या पत्र्यावर वाळू टाकली की तिच्या नक्ष्या होतात, त्या त्याच्या नावाने ओळखल्या जातात, पण त्याचं शिक्षण कायद्याचं. आकाशातून दगड पडतात असं म्हणणं अठराव्या शतकात विद्वानांमध्ये भोळसटपणाचं लक्षण होतं. शेतकऱ्यांनी म्हणावं, अकादमीने हसावं. क्लाड्नी गटिंगेनच्या ग्रंथालयात बसला आणि त्याने शतकाशतकांच्या साक्षी वाचल्या, वकील वाचतो तशा. एकमेकांना न ओळखणारी, निरनिराळ्या देशांतली, निरनिराळ्या काळातली माणसं तेच सांगतायत: आधी आगीचा गोळा, मग गडगडाट, मग दगड. खोटं इतकं एकसारखं बोलता येत नाही. १७९४ मध्ये त्याने छापून टाकलं की हे दगड पृथ्वीबाहेरचे आहेत. त्याची बरीच टिंगल झाली. २६ एप्रिल १८०३ ला फ्रान्समधल्या लेगल गावाच्या परिसरात तीनेक हजार दगड पडले, तरुण भौतिकशास्त्रज्ञ झां-बाप्तिस्त बियो चौकशीला गेला, गावोगाव फिरून लोकांना विचारलं, दगड कुठे कुठे पडले त्याचा नकाशा केला, आणि टिंगल थांबली. चार सेकंदांचे दहा करणारी आणि नैर्ऋत्येची पश्चिम करणारी माझ्यासारखीच माणसं असणार ती. तरी त्यांच्या चुका एकमेकींना छेद देत गेल्या आणि मधे खरं उरलं.

आपल्याकडे सहाव्या शतकात वराहमिहिराने या गोष्टींची वर्गवारी केली आहे: धिष्ण्या, उल्का, अशनि, विद्युत् आणि तारा, असे पाच प्रकार. स्वर्गातलं पुण्य भोगून संपलं की खाली पडणाऱ्यांची ही रूपं, असं तो सांगतो, ते सोडून देऊ. पण त्याची अशनि मोठा आवाज करत, चाकासारखी फिरत येते आणि माणसं, हत्ती, घोडे, घरं, झाडं यांच्यावर पडून जमीन फोडते. आज मराठीत जमिनीवर पोचलेल्या दगडाला आपण अशनीच म्हणतो आणि आकाशातल्या उजेडाला उल्का. उल्का या शब्दाचा मूळ अर्थ पेटतं लाकूड, मशाल.

मशाल म्हटलं तरी ते काही पेटत नाही. मला लहानपणापासून वाटायचं की हवेशी घासून उल्का जळते. खरं तर ती इतक्या वेगात येते, सेकंदाला ११ पासून ७२ किलोमीटरपर्यंत, की समोरच्या हवेला बाजूला व्हायला वेळच मिळत नाही. हवा दाबली जाते आणि दाबली म्हणून तापते, सायकलच्या पंपाचं तोंड बोटाने दाबून धरलं की पंप गरम होतो तशी. ती तापलेली हवा दगडाचा वरचा थर वितळवून उडवत नेते. माझा तो हिरवट रंग त्या वाफेतल्या मॅग्नेशियमसारख्या धातूंचा किंवा हवेतल्या ऑक्सिजनचा असू शकतो, नारिंगीत सोडियमचा हात असतो. आणि त्याला सवड होती असं मी म्हणाले, तेही उगीच नव्हतं. संध्याकाळी आपण पृथ्वीच्या मागच्या अंगाला असतो, त्या वेळी येणाऱ्या उल्का पृथ्वीला मागून गाठतात, म्हणून सावकाश वाटतात. मध्यरात्रीनंतर आपण पुढच्या अंगाला जातो आणि मग त्या समोरून अंगावर येतात. एवढं उजळणारा दगड फार तर फुटबॉलएवढा असेल, त्याहून लहानही.

बाबांना मधे शंका आली की ते रॉकेट असेल. शंका रास्त होती. २ एप्रिल २०२२ च्या संध्याकाळी महाराष्ट्रभर लोकांनी उजळलेल्या तुकड्यांची रांग आकाशातून जाताना पाहिली, उल्का उल्का म्हणून मोबाइल भरले, आणि चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यात धातूचं भलंमोठं कडं पडलेलं मिळालं. चीनच्या चांगझेंग ३बी रॉकेटचे ते अवशेष असावेत असं तज्ज्ञांनी सांगितलं. पण पृथ्वीभोवती फिरणारा कचरा सेकंदाला साताठ किलोमीटरनेच खाली येतो. त्याची मिरवणूक निघते, मिनिटभर किंवा त्याहून जास्त चालते. तेवढा वेळ असता तर बाबांनी दार लावून, कडी घालून, चष्मा पुसून बघितलं असतं.

“मग तो पडला कुठे?” हा प्रश्न शेजाऱ्यांपासून सगळ्यांनी विचारला, आणि पाहणाऱ्याला नेहमी वाटतं तसं मलाही वाटलं होतं की समोरच्या टेकाडापलीकडेच. तिथे काहीही पडलेलं नसणार. २१ अंशांवर विझलेला गोळा विझताना टेकाडाच्या कितीतरी पलीकडे, दुसऱ्याच कुणाच्या तरी डोक्यावर होता. शिवाय विझला म्हणजे पडला, असंही नाही. वीसेक किलोमीटर उंचीवर येईतो हवेने त्याचा सगळा माज उतरवलेला असतो. उजेड संपतो आणि काही उरलंच असेल तर ते साध्या धोंड्यासारखं काळोखात खाली येत राहतं, काही मिनिटं, कुणालाही न दिसता. जमिनीवर पोचतं तेव्हा ते तापलेलं नसतं. वितळलेला थर वाटेतच उडून गेलेला, आतला दगड अवकाशातल्या थंडीतून आलेला; वर फक्त एक पातळ काळं कवच. ४५६ कोटी वर्षांचा प्रवास, त्यातले चार सेकंद उजेडाचे, आणि शेवटचा उतार पुन्हा अंधारात. मला त्या चार सेकंदांपेक्षा आता त्या शेवटच्या काही मिनिटांचाच विचार जास्त येतो. आम्ही भांडत होतो तेव्हा तो पडत होता.

कुठे, ते आमच्या दोरीला सांगता येत नाही. एक दोरी फक्त दिशा दाखवते, अंतर दाखवायला दुसरी लागते, दुसऱ्या गावातली. ७ एप्रिल १९५९ ला चेकोस्लोव्हाकियात प्रिब्राम गावावर अग्निगोल आला, तेव्हा तो दोन वेगवेगळ्या ठिकाणच्या कॅमेऱ्यांत टिपला गेला. कॅमेऱ्यांसमोर फिरती पाती होती, त्यामुळे फोटोतली रेघ तुटक उमटली आणि तुकडे मोजून वेगही कळला. त्यावरून दगड सापडले आणि ते लघुग्रहांच्या पट्ट्यातून आले हेही कळलं. आकाशातल्या रेघेचा आणि हातातल्या दगडाचा मेळ असा पहिल्यांदाच बसला. आमची दुसरी दोरी कुणाच्या तरी भिंतीवर असेलच. त्या माणसाच्या भिंतीला पोपडा हवा आणि घरात पेन्सिलवाला म्हातारा हवा.

तिसऱ्या दिवशी मी अर्ज पाठवला. सेकंद चार. ३८ अंश, २१ अंश, दिशा दोरीप्रमाणे. रंग माझा, ‘दिसत असताना आवाज’ही माझाच, घाबरत घाबरत. निरीक्षणाची पद्धत लिहायची सोय होती तिथे लिहिलं: वडिलांनी भिंतीवर पाहिलेली सावली.

आता लाइट असले तरी आम्ही रात्री गच्चीवर जातो. बाबांनी खुर्ची फिरवून घेतलीय, दक्षिणेकडे तोंड करून. मी भिंतीकडे तोंड करून बसते, हातात पेन्सिल. परवा साडेनवाला भिंत एकदम निळी-पांढरी झाली. पाइपाची सावली टकटकीत उमटली. मी झेपावले आणि तिच्या टोकावर फुली मारली. हात थरथरत होता, तरी फुली नीट पडली. सावली हलत नव्हती. गेली, पुन्हा तिथेच आली, पुन्हा गेली.

मागे वळून बघितलं तर बाबा दोन्ही हातांनी डोळे चोळत होते.

“वेल्डिंगच आहे गं,” ते म्हणाले.